लोहगड की विसापूर: कुटुंबासाठी कोणता?

लोणावळ्याजवळच्या मळवली रेल्वे स्थानकापासून जवळ असलेल्या या जोडकिल्ल्यांची उंची जवळपास सारखीच, म्हणजे लोहगडाची सुमारे १०३३ आणि विसापूरची सुमारे १०८४ मीटर असली, तरी चढाईची काठिण्यपातळी उंचीवरून ठरवणे फसवे आहे.

लोहगडाच्या पायथ्याच्या लोहगडवाडीपर्यंत वाहन जाते आणि तिथून बांधीव पायऱ्या गणेश, नारायण, हनुमान व महादरवाजा अशा चार दरवाजांतून वर नेतात. त्यामुळे सहा-सात वर्षांचे मूल किंवा सावकाश चालणारे आजोबा दरवाजागणिक विसावा घेऊ शकतात आणि दम संपल्यास त्याच वाटेने निर्धास्तपणे परतू शकतात. गुडघेदुखी असणाऱ्यांना मात्र पायऱ्या, विशेषतः उतरताना, साध्या पायवाटेपेक्षा अधिक जाचतात, हे सहसा कोणी सांगत नाही. विंचूकाटा या लोहगडाच्या लांबट, चिंचोळ्या सोंडेकडे उतरणारा कातळटप्पा लहानग्यांसाठी टाळलेलाच बरा.

विसापूरची एक प्रचलित वाट ओढ्यातील मोठमोठ्या दगडांवरून आणि जुन्या पायऱ्यांवरून चढते. पावसाळ्यात त्याच पायऱ्यांवरून पाणी वाहते, वरच्या विस्तीर्ण पठारावर धुके दाटले की दिशा चुकते. हाताचा आधार घेत चढण्याची सवय असलेल्या मोठ्या मुलांना हिवाळ्यात विसापूर जमेल. पहिल्याच भटकंतीसाठी मी लोहगडच सुचवेन.