राखीव साठा वाढवायचा की वर्कर कमी करायचे?

लासलगावच्या कांद्याचे भाव दाखवणारी एक साइट आम्ही नाशिकातून सांभाळतो. सर्व्हर ४ जीबी रॅमचा, लिनक्सवर चालणारा. लिलाव सुरू झाला की सगळे एकदम भाव बघायला येतात आणि कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये 'पेज अलोकेशन फेल्युअर' (मागितलेली मेमरी देता आली नाही) उमटतं. त्यावर कोणी सांगतं कर्नलची राखीव मेमरी वाढवा, कोणी म्हणतं पीएचपीचे वर्कर, म्हणजे साइटची पानं बनवणारे प्रोग्राम, कमी करा. औषधं दोन्ही खरी, दुखणी मात्र वेगळी.

गंगापूर धरणात शहराच्या पिण्यासाठी पाणी राखून ठेवतात ना, तशीच 'मिन-फ्री-केबाइट्स' ही कर्नलची राखीव मेमरी. नेटवर्क कार्डावर पॅकेट (डेटाचा तुकडा) आलं की कर्नलला तिथल्या तिथे जागा लागते. कॅशे (डिस्कवरच्या डेटाची मेमरीतली प्रत) रिकामी होईपर्यंत थांबण्याची सोय नसते. राखीवही संपली तर पॅकेट टाकून दिलं जातं आणि लॉगमध्ये लांबलचक इशारा येतो. दिसायला भयंकर, पण टीसीपी हा नेटवर्कचा प्रोटोकॉल ते पॅकेट पुन्हा मागवून घेतं. ४ जीबीला कर्नल आपणहून साधारण ८ एमबी राखतो, ह्यूज पेजेस (मेमरीची मोठी पानं) चालू असतील तर जास्त. ही ६४ एमबी केली की कॅशे आधीपासूनच रिकामी होऊ लागते. हावरटपणा नको: आकडा फार फुगवला तर प्रोग्रामांनाच मेमरी उरत नाही.

इशाऱ्यातली 'ऑर्डर'ही वाचा, म्हणजे सलग किती मेमरी मागितली होती ते कळेल. ० म्हणजे ४ केबीचं एक पान. ३ म्हणजे सलग आठ पानं. तिथे मेमरी असते, पण तुकड्यांत विखुरलेली.

लॉगमध्ये 'किल्ड प्रोसेस' (मेमरी संपली म्हणून कर्नलने प्रोग्राम बंद पाडला) दिसत असेल तर मात्र राखीव वाढवणं उलट अंगाशी येतं. तिथे हिशोब वर्करचा. एक वर्कर ६० एमबी खातो, शंभर ठेवलेत, म्हणजे ६ जीबी! डेटाबेस आणि बाकीचं वजा जाता अडीच जीबी उरते, त्यात चाळीसच बसतात. उरलेल्यांना थोडी रांग लागेल, लागू द्या.

'फ्री' कमांडमधला 'अव्हेलेबल' रकाना ऐन लिलावात बघा, रात्री नव्हे. जीबीभर शिल्लक असूनही इशारे येत असतील तर राखीव वाढवा. तळ दिसत असेल तर वर्कर कापा. स्वॅप (मेमरी म्हणून वापरलेली डिस्कवरची जागा) थोडा असू द्या, त्याच्या भरवशावर राहू नका. नवी रॅम घेण्याचा विषय हा हिशोब झाल्यावर.

राखीवचा आकडा आधी 'सिससीटीएल' (sysctl) कमांडने तात्पुरता बदला आणि दोन-तीन लिलाव जाऊ द्या. सेटिंगच्या फाइलीत त्यानंतरच लिहा, म्हणजे चुकलं तरी रीस्टार्ट केल्यावर जुना आकडा परत येतो.