जीएसटीपी परीक्षेची ‘गॅरंटी बॅच’ आणि माझे ३१,२०० रुपये

परीक्षेच्या बोगस क्लासमध्ये गेले एकूण ३१,२०० रुपये. आकडा आधीच लिहितो कारण जो भेटतो तो पहिलं हेच विचारतो, किती गेले? आणि ऐकल्यावर चेहरा असा करतो की एवढ्याचं काय घेऊन बसलाय. १७,७०० क्लासची फी, २,५०० ‘फॉर्म आणि परीक्षा फी’, ११,००० ‘रिफंडेबल डिपॉझिट’. हे झाले रोख गेलेले. जीएसटी प्रॅक्टिशनर (जीएसटीपी), म्हणजे लोकांची जीएसटी रिटर्न भरून देणारा, म्हणून माझं नाव गेलं त्याचा हिशोब कोणी मांडायचा?

आमच्या लाइनीतल्या लोकांना हे माहीत आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात. व्हॅटच्या काळातले आम्ही जे पाच वर्षांवरचे सेल्स टॅक्स प्रॅक्टिशनर, आम्हाला १ जुलै २०१७ नंतर जीएसटीपी म्हणून घेतलं खरं, पण जीएसटीच्या नियम ८३ मध्ये अट घातली, नासिन या सरकारी प्रशिक्षण संस्थेची परीक्षा पास व्हा, नाहीतर नाव राहणार नाही. मुदत आधी एक वर्षाची, मग अठरा महिने, मग तीस महिने, म्हणजे ३१ डिसेंबर २०१९ ला विषय संपला. परीक्षा काही फार भयंकर नाही, १०० प्रश्न, २०० मार्क, अडीच तास, ५० टक्क्यांना पास, निगेटिव्ह मार्किंग नाही. १४ जून २०१९ ला मी बसलो आणि ९४ आले. तीन प्रश्न! तीन प्रश्नांनी गेलो. पुढची आणि आमच्यासाठी शेवटची परीक्षा १२ डिसेंबरची.

आता कोणीतरी शहाणा म्हणणारच की घरी बसून अभ्यास करायचा, क्लास कशाला. करायचा ना, कधी करायचा ते पण सांगा. ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), २० ला ३बी (टॅक्स भरायचं रिटर्न), वर २०१७-१८ चं वार्षिक रिटर्न, त्याची तारीख तेव्हा ३१ डिसेंबर, आणि ते पहिलंच वर्ष असल्यामुळे कोणाचेच आकडे जुळत नाहीत. त्यात ऑक्टोबरमध्ये नियम ३६(४) आणला, २० टक्क्यांच्या मर्यादेचा, म्हणजे प्रत्येक क्लायंटला पुन्हा पहिल्यापासून समजवा की शेठ तुमच्या पार्टीने बिल चढवलं नाही तर क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या टॅक्सची वजावट, पूर्ण मिळणार नाही. भांडुपला एका गाळ्यात ऑफिस, मी आणि एक असिस्टंट मुलगी. रात्री दहाला शटर ओढून घरी जाऊन नियम वाचायचे म्हटलं तर दुसऱ्या पानावर डोळे मिटतात. म्हणून क्लास. यात लाज वाटण्यासारखं मला तरी काही दिसत नाही.

फोन क्लासवाल्यांनीच केला, दिवाळीच्या आधी. एक मॅडम, मराठी एकदम शुद्ध, “सर तुम्ही जुन्या कॅटेगरीतले आहात ना, तुमची डिसेंबरला लास्ट चान्स आहे.” मला वाटलं एवढं माहीत आहे म्हणजे आतली माणसं असणार. आतली कसली डोंबल! पोर्टलवर जीएसटीपी शोधायची सोय सगळ्यांना खुली आहे, पिनकोड टाका आणि नावं बघा. बाकी सगळं मीच सांगितलं. जूनला किती आले विचारलं, मी ९४ बोललो, ती लगेच म्हणाली, “अहो म्हणजे तीनच प्रश्न की सर.” त्या एका वाक्यावर मी निम्मा पटलो होतो.

दादर पश्चिमेला, रानडे रोडच्या बाजूला एका जुन्या इमारतीत वर खोली, जिथे आणखी दोन-तीन क्लास चालतात. बोर्ड होता. बेंच होते. आमच्यासारखे पन्नाशीचे पंधरा-वीस लोक होते, एक बाई तर वसईहून यायच्या. आणि सर खरंच शिकवायचे! हे मुद्दाम लिहितोय कारण नंतर सगळे मला विचारतात की तुला समोरचा बोगस कळला नाही का. प्लेस ऑफ सप्लाय, म्हणजे टॅक्स कुठल्या राज्याचा ते ठरवायचे नियम, त्याने असं समजावलं की मला अडीच वर्षांत पहिल्यांदा नीट कळलं. बोगस माणसाला विषय येत नसतो असं कोणी सांगितलं?

नोट्स मात्र जुन्या. त्यात कंपोझिशनची (छोट्या व्यापाऱ्यांच्या सोप्या योजनेची) मर्यादा एक कोटी छापलेली आणि मालाच्या नोंदणीची २० लाख. १ एप्रिल २०१९ पासून दीड कोटी आणि ४० लाख झालंय हे माझ्या ऑफिसातली पोरगी पण सांगेल. मी विचारलं. तो म्हणाला, “परीक्षेत जुनंच सेट असतं.” बाकीच्यांनी मान डोलावली, मग मी पण गप्प बसलो, एकट्याने किती वाद घालणार.

पण हे सोडा. जे मला झोपू देत नाही ते पावतीचं आहे.

१५,००० फी, त्यावर सीजीएसटी १,३५०, एसजीएसटी १,३५०, एकूण १७,७००. पावती व्हॉट्सअपवर आली. वर नाव कुठलंसं एज्युकेशन प्रायव्हेट लिमिटेड, खाली जीएसटी नंबर, सुरुवात २७ ने, म्हणजे महाराष्ट्र, बरोबर. पंधरा अक्षरं, बरोबर. आणि सहावं अक्षर पी. आमच्या धंद्यातल्या माणसाला पुढचं सांगायला नको. नंबरातली पहिली दोन राज्याची, पुढची दहा पॅनची, आणि पॅनचं चौथं अक्षर सांगतं की मालक कोण, पी म्हणजे एकटा माणूस, एफ म्हणजे फर्म, सी म्हणजे कंपनी. प्रायव्हेट लिमिटेडच्या नंबरात त्या जागी पी येऊच शकत नाही. क्लायंटच्या खरेदी बिलात असा नंबर आला तर मी बिल बाजूला काढतो, पार्टीला फोन लावायला सांगतो, रागावतो पण. आणि इथे मी ती पावती बघितली, पी बघितला, मला आठवतंय की नजर तिथे एक क्षण अडकली, आणि मी फोटो सेव्ह करून ‘धन्यवाद मॅडम’ टाकलं. संध्याकाळी सातची दादरची गाडी, एका हाताने वरची कडी, एका हातात फोन, मागून ढकलतायत. त्या अवस्थेत कोण पॅनचं चौथं अक्षर सोडवत बसतं? आणि शिकणारा माणूस मास्तरची पावती तपासतो का?

तुम्ही तपासा. पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये नंबर टाकायचा, लॉगिन लागत नाही, अर्धा मिनिट. मी १२ तारखेनंतर टाकला. नंबर एका हार्डवेअरवाल्याचा निघाला, नोंदणी रद्द झालेली.

२,५०० चं असं. परीक्षेची फी तेव्हा ५०० होती, मी जूनमध्ये स्वतः भरली होती. ते म्हणाले २,००० आमचा सर्व्हिस चार्ज, फॉर्म आम्ही भरतो, एनरोलमेंट नंबर आणि पॅन द्या. आता परीक्षेच्या साइटवर यूजर आयडी हाच एनरोलमेंट नंबर आणि पासवर्ड म्हणजे पॅन, त्यामुळे मागणं बरोबरच वाटलं. फॉर्म दुसऱ्याला भरायला देऊ नका, कोणालाच, सख्ख्या भावाला पण नाही. पाच मिनिटांचं काम आहे आणि पैसे भरल्याची पोच तुमच्या मेलवर यायला हवी, क्लासच्या नाही.

११,००० ‘गॅरंटी’चे. पास झालात तर डिपॉझिट परत, नापास झालात तर फीसकट सगळंच परत. म्हणजे काहीही झालं तरी पैसे परत! आता लिहिताना हसू येतं. हे यूपीआयने घेतले आणि स्क्रीनवर कंपनीचं नाव नाही, एका माणसाचं नाव. विचारलं तर म्हणे अकाउंट डिपार्टमेंटचा माणूस आहे. पावतीवर एक नाव आणि पैसे घेणारा दुसरा असेल तर तिथल्या तिथे उठायचं.

त्यानंतर ‘व्हेन्यू प्रॉब्लेम’, मग लेक्चरऐवजी व्हॉट्सअपवर प्रश्न, आणि परीक्षेच्या दोन दिवस आधी हॉल तिकिटाची पीडीएफ. माझा फोटो, माझा नंबर, अंधेरी पूर्वेचं केंद्र. गुरुवारी वेळेच्या बरंच आधी पोचलो. गेटवरच्या माणसाने यादी वरून खाली बघितली, खालून वर बघितली, म्हणाला नाव नाही. माझ्यासोबत वसईच्या त्या बाई आणि आणखी एक गृहस्थ, तिघांच्या हातात सारखीच तिकिटं. मॅडमचा फोन बंद, सरांचा बंद. फॉर्म भरलेच नव्हते, त्यामुळे केंद्रवाल्यांना बोलून उपयोग नव्हता, त्यांच्याकडे आम्ही अस्तित्वातच नाही. तिथून तसाच दादरला गेलो, खोलीला कुलूप, शेजारच्या क्लासवाल्याने सांगितलं की ते रविवारी तासाच्या भाड्याने घ्यायचे, नाव-पत्ता त्याच्याकडे पण नाही.

आता पोलिसांचं ऐका. अंधेरीला गेलो तर म्हणे पैसे इथे दिले नाहीत, क्लास जिथे होता तिथे जा. तिथे गेलो तर म्हणे पैसे भांडुपहून ट्रान्सफर केले ना, मग तुमच्या हद्दीत जा. भांडुपला साहेब राउंडला. साहेब आले तर म्हणाले ज्या खात्यात पैसे गेले ते खातं परराज्यातलं आहे. म्हणजे गुन्हा नक्की घडला कुठे, आकाशात? एका हवालदाराने तर सगळ्यांसमोर विचारलं, “काका, तुम्ही जीएसटीवाले ना? तुम्हाला नंबर कळला नाही मग आम्हाला काय कळणार?” मागे बाकावर बसलेले दोघं हसले. मी काही बोललो नाही, काय बोलणार. शेवटी एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून हातात कागद दिला आणि म्हणाले कोर्टात जा, सिव्हिल मॅटर आहे. फसवणुकीचं तेव्हाचं कलम ४२०, ते सिव्हिल कधीपासून झालं? ४२० दखलपात्र होतं, दखलपात्र गुन्ह्यात एफआयआर घ्यावाच लागतो हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ललिता कुमारीच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय. मी हे बोललो तर म्हणे मग सुप्रीम कोर्टातच जा.

बँकेत गेलो. काउंटरवरची मुलगी गोड बोलली, “सर पिन तुम्हीच टाकलात ना?” मीच टाकला. “मग हे ऑथराइज्ड झालं सर.” रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं सर्क्युलर होतं, कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही, पण ते तुमच्या नकळत झालेल्या व्यवहाराला. फसवून तुमच्याच हाताने पाठवायला लावले तर त्यात बसत नाही. किमान समोरचं खातं गोठवा म्हटलं, तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात बँकेचं पत्र आणा. सायबरच्या सरकारी पोर्टलवर पण तक्रार टाकली आहे, स्टेटस उघडलं की रोज तेच एक वाक्य दिसतं. टॅक्सच्या एका कचेरीत अर्ज दिला की दुसऱ्याचा नंबर वापरून बिल फाडतात, जीएसटी कायद्याच्या कलम १२२ खाली दंड आहे, तुमच्याच सरकारचा टॅक्स माझ्याकडून घेऊन खाल्लाय. आवक-जावकवाल्याने शिक्का मारायला पण कुरकुर केली, म्हणे नंबर तर रद्द आहे, आता कोणावर कारवाई करायची. अरे मग रद्द नंबरावर २,७०० रुपये वसूल कसे झाले ते तरी विचारा कोणाला!

आणि आमची प्रॅक्टिशनर मंडळी. सभासद फी वेळेवर घेतात. तिथले एक ज्येष्ठ म्हणाले की हे बाहेर बोलू नका, आपल्या व्यवसायाची बदनामी होते. वसईच्या बाईंनी त्यांना तोंडावर सांगितलं की बदनामी आमची झाली आहे, तुमची नाही. तेवढंच काय ते बरं वाटलं.

वार्षिक रिटर्नची तारीख ३१ जानेवारीपर्यंत वाढवली, आमची नाही वाढली. आज स्थिती अशी की क्लायंट स्वतःच्या लॉगिनने रिटर्न भरतो आणि मी बाजूला बसून सांगतो की इथे क्लिक करा. ऑफिसरसमोर अधिकृत प्रतिनिधी म्हणून उभं राहता येत नाही. दोन जुने क्लायंट सरळ दुसरीकडे गेले, एकाने तर विचारलं पण नाही.

ज्यांची दोन वर्षांची मुदत अजून चालू आहे, म्हणजे कॉमर्स ग्रॅज्युएट म्हणून नंतर आलेली मुलं, त्यांना आता हे लोक फोन करतील. गॅरंटी शब्द निघाला की फोन ठेवा. सीबीआयसीच्या (केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या) साइटवर प्रश्नोत्तरं फुकट आहेत, कायदा आणि नियम फुकट आहेत, ते दोनदा वाचले तर शंभरातले पन्नास येतात. ट्रेनमध्ये पैसे पाठवू नका. तक्रार तोंडी करू नका, दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का-सही घेतल्याशिवाय हलू नका. ठाण्यात घेतलीच नाही तर तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १५४(३) खाली (जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १७३(४)) डीसीपींना, म्हणजे पोलीस उपायुक्तांना, लेखी पाठवता येते, रजिस्टर पोस्टाने, पावती जपून.

आम्ही तिघांनी तेच केलंय, आणि आता डीसीपी ऑफिसला समक्ष जाणार आहोत. त्या दादरच्या खोलीत आणखी पंधरा-वीस जण होते, ते लाजून गप्प बसलेत. तक्रारदार जास्त असले तर सिव्हिल मॅटर म्हणून वाटेला लावणं त्यांना जड जाईल. तुमच्याकडे सहावं अक्षर पी असलेली ती प्रायव्हेट लिमिटेडची पावती असेल तर या, आणि येताना स्टेटमेंट बँकेच्या शिक्क्याचं आणा, मोबाईलमधल्या स्क्रीनशॉटकडे तिथे कोणी बघत पण नाही.