सरकारी रुग्णालयातील थुंकी तपासणी : एक अनुभव

वडिलांचा खोकला दोन आठवडे उलटूनही थांबेना, म्हणून आम्ही तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातील क्षयरोग विभागात त्यांची थुंकी तपासून घेतली. तपासणी मोफत आहे. परंतु मला अधिक मोलाचे वाटले ते तेथील तंत्रज्ञ ताईंचे समजावून सांगणे. सकाळी उठल्याबरोबर चूळ भरून, दीर्घ श्वास घेऊन, छातीतून खोकून बेडका काढावा, नुसती लाळ चालणार नाही, असे त्यांनी डबी देतानाच बजावले, आणि पहिला नमुना पातळ व फेसाळ दिसताच तो परतही केला.

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्यासाठी एक मिलिलिटर थुंकीत ते साधारण दहा हजार तरी असावे लागतात, त्यामुळे कमी जंतू असलेला रुग्ण निसटू शकतो. येथील सीबीनॅट यंत्र मात्र जंतूंची जनुके सुमारे दोन तासांत ओळखते आणि रिफाम्पिसिन हे औषध लागू पडेल की नाही, हेही सांगते. रांग असल्याने आमचा अहवाल दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला. तक्रार करण्याजोगा हा उशीर नव्हे.

खटकली ती जागा. नमुना देण्यासाठी मोकळ्या हवेतला आडोसा हवा. येथे जिन्याखाली, इतर रुग्णांच्या बाकाशेजारीच खोकावे लागते, आणि क्षय हवेतून पसरतो हे समोरच्या भिंतीवरचा फलकच सांगत असतो! जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावे : नाव झाकणावर नव्हे, डबीवर लिहिलेले असावे.