क्रेगिव्हार कॅसल: गिलावा पाहावा तर असा

बांधकामाच्या धंद्यात जन्म गेला, त्यामुळे स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला मुलीकडे आलो आणि तिने ‘परीकथेतला किल्ला’ दाखवायला नेलं, तरी माझी नजर पहिली गेली ती भिंतीवर. शहरापासून पश्चिमेला चाळीसेक किलोमीटर. किल्ला म्हणून तटबंदी शोधायला जाल तर फसाल. एल आकाराचं, सात मजली, सरळसोट उंच घर आहे ते, तेही गुलाबी! खालचे मजले साधे, खिडक्या बेताच्या. हौस सगळी वर केलीय. भिंतीबाहेर काढलेल्या दगडी थरांवर गोल बुरूज पेललेत आणि त्यांच्या डोक्यावर निमुळती छपरं.

विल्यम फोर्ब्स नावाच्या व्यापाऱ्याने १६१० मध्ये ही जागा मॉर्टिमर घराण्याकडून घेतली आणि १६२६ मध्ये काम पुरं केलं. बाल्टिक समुद्राकडच्या व्यापारात पैसा मिळवला म्हणून लोक त्याला तिथल्या डॅन्झिग बंदराच्या नावावरून ‘डॅन्झिग विली’ म्हणत. एवढा पैसा ओतूनही दार मात्र एकच, आत लोखंडी जाळीचा दरवाजा. दिवस तसे होते.

आता गिलाव्याचं. चुना, वाळू आणि बारीक खडी कालवून तो माल भिंतीवर फेकून मारायची तिकडची जुनी रीत. १९७० च्या दशकात इथे सिमेंटचा गिलावा केला होता. जुन्या दगडी भिंतीवर सिमेंट चढवलं की ओल आत कोंडते, हे आपल्याकडच्या वाड्यांची डागडुजी केलेल्या कुणालाही सांगायला नको. शेवटी २००७ ते २०१० वास्तू बंद ठेवून तो काढला आणि पुन्हा चुन्याचा केला. जवळ जाऊन पाहिलं तर पृष्ठभाग खडबडीत, खड्यांचे उंचवटे दिसतात. आमच्याकडे गिऱ्हाईक म्हणेल, ‘शेठ, फिनिशिंग राहिलं की!’

आत गाइडबरोबरच फिरायचं. दिवाणखान्याचं नक्षीदार प्लास्टरचं छत आणि शेकोटीवरचं भलंमोठं राजचिन्ह, दोन्हीला पैकीच्या पैकी. जिन्यात १६६८ चं घराण्याचं चिन्ह आहे, त्यावर ताकीद: झोपलेली कुत्री उठवू नका. फोर्ब्स मंडळी वस्ताद दिसतात.

१९६३ पासून वास्तू नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. वरच्या मजल्यांवर विजेचे दिवे नाहीत, तेव्हा स्वच्छ उजेडाच्या वेळी जा. जिने गोल आणि अरुंद. गुडघ्यांची तक्रार असेल तर बाहेरूनच पाहा. माझ्या मते तेही पुरतं.