आल्फ्रिस्टन की ग्रेट डिक्स्टर? ससेक्समधलं जुनं लाकडी घर पाहायचं तर

इंग्लंडच्या खेड्यातलं जुनं लाकडी घर आतून पाहायचं असेल, तर ईस्ट ससेक्समधली दोन नावं हमखास पुढे येतात: आल्फ्रिस्टनचं क्लर्जी हाउस आणि नॉर्दिअमचं ग्रेट डिक्स्टर. दोन्ही एका दिवसात उरकण्याचा आटापिटा करू नका. एकच जमणार असेल, तर मी आल्फ्रिस्टन सांगेन.

घर उभं कसं राहिलं, हे तिथे उघड्या डोळ्यांनी कळतं. सुमारे ६०० वर्षांपूर्वीचं हे घर ‘वील्डन’, म्हणजे केंट-ससेक्सच्या वील्ड भागातल्या जुन्या घरांच्या धाटणीचं आहे. मधोमध थेट छपरापर्यंत मोकळं दालन, दोन्ही अंगांना दुमजली खोल्या आणि सगळ्यांवर मिळून एकच शाकारलेलं छप्पर. ओकचे खांब आणि तुळया खाचांत बसवून लाकडी खुंट्यांनी आवळल्या आहेत. मधल्या भिंती कुडाच्या, आपल्या कोकणातल्यासारख्याच काटक्या विणून वर माती लिंपलेल्या. अशा घरांना सुरुवातीला धुराडं नसायचं. दालनाच्या मध्यावर जमिनीवरच आग पेटायची आणि धूर छपरातून वाट काढायचा, म्हणून तर वर एवढी मोकळी उंची. पायांखालीही जरूर पाहा: जमीन खडूच्या चुऱ्याची आहे, धुमसाने ठोकलेली आणि आंबट दुधाने घट्ट केलेली.

१८९६ मध्ये हे घर अगदी मोडकळीला आलेलं असताना जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने ते १० पौंडांना घेतलं. ट्रस्टने विकत घेतलेली ही पहिली वास्तू. दुरुस्तीत जुनं शक्य तितकं राखलं, आणि मला हे घर प्रिय आहे ते त्यासाठीच.

डिक्स्टरची गोष्ट वेगळी. पंधराव्या शतकातलं हे घर १९१० मध्ये नॅथॅनिएल लॉइड यांनी घेतलं आणि एडविन लटियन्स यांना बोलावलं. नवी दिल्ली घडवणारे तेच हे लटियन्स. त्यांनी भव्य दालनात नंतर घातलेले मजले आणि आडभिंती काढून टाकल्या. शेजारच्या केंटमधल्या बेनेंडनचं एक जुनं घर सुटं करून इथे आणलं, पुन्हा उभारलं आणि दोहोंच्या जोडीला नवा भाग बांधला. काम देखणं आहे, दालनाचं छत तर पाहतच राहावं असं. पण पहिल्यांदाच जाणाऱ्याला जुनं कुठे संपतं आणि लटियन्स कुठे सुरू होतात, हे चटकन उमगत नाही. आधी आल्फ्रिस्टन पाहिलं असेल, तर डिक्स्टर अधिक रंगतं.

सोबत बागेची हौस असलेलं कोणी असेल, तर मात्र सरळ डिक्स्टर गाठा. नॅथॅनिएल यांचे चिरंजीव क्रिस्टोफर लॉइड यांनी फुलवलेल्या त्या बागेला अख्खा दिवस द्यावा.

आल्फ्रिस्टनचं घर लहान आहे, तासाभरात होतं. मग शेजारचं चर्च आणि ककमिअर नदीकाठ आहेच. नॅशनल ट्रस्टचं सभासदत्व तिथे चालतं, डिक्स्टरला वेगळं तिकीट काढावं लागतं. हिवाळ्यात जाणार असाल, तर दोन्हींच्या उघडण्याच्या तारखा पाहूनच निघा.