उमेदवाराचे शपथपत्र: निवडणूक आयोगाची मोफत सेवा ख्रिस्ती मतदाराच्या किती कामाची?

कोणत्या पक्षाला मत द्यावे हे पवित्र शास्त्रात कुठेही लिहिलेले नाही. अधिकार कशा माणसाच्या हाती द्यावा, हे मात्र लिहिले आहे. निर्गम 18:21 मध्ये इथ्रो मोशेला माणसे निवडायला सांगतो, तेव्हा चार कसोट्या देतो: कर्तबगार, देवाचे भय धरणारी, खरेपणाने वागणारी, लाचेचा तिटकारा असणारी. यातल्या शेवटच्या दोन कसोट्या फोनवर, एक पैसाही न देता, बऱ्याच अंशी तपासता येतात. त्यासाठी केंद्रीय निवडणूक आयोगाची उमेदवार-शपथपत्र सेवा आहे. उमेदवाराने अर्जासोबत गुन्हे, संपत्ती आणि देणी यांची शपथेवर दिलेली माहिती तिथे वाचता येते. ती संकेतस्थळावर आहे, आणि मतदारांसाठीच्या ॲपमधूनही पाहता येते. आयोगाची वेगवेगळी ॲप एकत्र आणणारे ईसीआयनेट 2025 मध्ये जाहीर झाले, त्यामुळे जुने ॲप उघडले नाही तर तिकडे पाहावे.

सोलापूरकराने आधी आपला मतदारसंघ नक्की करावा, कारण पहिली चूक इथेच होते. शहर उत्तर 248, शहर मध्य 249 आणि दक्षिण 251 ही तीन नावे यादीत जवळजवळ येतात. हद्दवाढीतला काही भाग शहरात असूनही विधानसभेला दक्षिणमध्ये मोडतो. मतदार यादीतल्या नोंदीवरचा क्रमांक बघूनच पुढे जावे. मग निवडणूक, राज्य, मतदारसंघ असे निवडून ‘लढणारे उमेदवार’ एवढीच गाळणी लावावी. नाहीतर नाकारलेले आणि मागे घेतलेले अर्जही यादीत मिसळतात. सारख्या नावाचे दोन उमेदवार असतील तर फोटो आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव जुळवावे. एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात, म्हणून एकाच नावाखाली अनेक शपथपत्रे दिसू शकतात. त्यातले शेवटचे वाचावे.

नमुना 26 मधले हे शपथपत्र सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003 च्या निकालांमुळे मतदाराच्या हाती आले. एकही रकाना कोरा ठेवता येत नाही, हे न्यायालयाने 2013 मध्ये स्पष्ट केले. खोटी माहिती दिली किंवा दडवली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 125अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

सगळ्यात जास्त वेळ गुन्ह्यांच्या रकान्यावर द्यावा. ‘पाच केसेस’ एवढे ऐकून माणूस बाद करणे अन्यायाचे आहे, आणि अन्यायाने न्याय करू नये हे आपल्याला शिकवलेले आहे. कलमे वाचा. जुन्या दंडसंहितेची 143, 188, 341 किंवा तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेची 189, 223, 126 ही कलमे बेकायदा जमाव, आदेशभंग आणि वाट अडवणे यांची आहेत. पाण्यासाठी किंवा विडी कामगारांच्या मजुरीसाठी मोर्चा काढणाऱ्यावरही ती लागतात. जुने 420 म्हणजे आताचे 318 फसवणुकीचे, 302 म्हणजे 103 खुनाचे, 376 म्हणजे 64 बलात्काराचे. 153अ म्हणजे 196 हे धर्म, जात, भाषा यांवरून वैर पेटवण्याचे कलम आहे. शेजाऱ्यावर प्रीती करा असे मानणाऱ्याने या शेवटच्या कलमापाशी थांबलेच पाहिजे, मग ते वैर कोणत्याही समाजाविरुद्ध असो. दोषारोप निश्चित झाले आहेत का, हाही वेगळा रकाना आहे. नुसती तक्रार आणि न्यायालयाने निश्चित केलेले दोषारोप यांत फार अंतर आहे. गुन्हे असलेल्या माणसाला तिकीट का दिले, याची कारणे 2020 च्या निकालानुसार पक्षानेही जाहीर करायची असतात. ‘निवडून येऊ शकतो’ एवढेच कारण न्यायालयाने पुरेसे मानलेले नाही.

संपत्तीचा आकडा मोठा म्हणून उमेदवार वाईट ठरत नाही. मागच्या निवडणुकीचे त्याच माणसाचे शपथपत्र शेजारी ठेवा आणि वाढ मोजा. पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांतले उत्पन्न त्याच पानांवर असते. त्या उत्पन्नातून एवढी जमीन, एवढे सोने होऊ शकते का? पती-पत्नी आणि अवलंबितांचे रकाने एकत्र धरावेत, नाहीतर अर्धे चित्र सुटते. जमिनीची बाजारभावाची किंमत उमेदवार स्वतः लिहितो, म्हणून तिथे रुपयांपेक्षा गट क्रमांक आणि क्षेत्रफळ जास्त खरे बोलतात. देण्यांच्या भागात वीज, पाणी आणि मालमत्ता कराच्या थकबाकीची ओळ असते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात ती ओळ जरूर वाचावी.

सेवेत उणिवा आहेत. अनेक शपथपत्रे हाताने भरून स्कॅन केलेली असतात, त्यामुळे शब्द टाकून शोध लागत नाही. फाइल जड असते आणि मोबाइलवर अक्षर फुटते. वाचता आले नाही तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या फलकावर प्रत लावलेली असते. दुसरी उणीव जास्त खोल आहे. विधवेची, परक्याची, रोजंदारीवाल्याची बाजू कोण घेतो हे शपथपत्रात लिहिलेले नसते. नीतिसूत्रे 31:8-9 ची ही कसोटी सभागृहातली भाषणे, विचारलेले प्रश्न आणि निधीची कामे पाहूनच लावावी लागते.

आणि ‘देवाचे भय’? ते कागदावर मोजता येत नाही. त्याच्या जागी उमेदवाराचा धर्म बघणे तर साफ चूक. सोलापूर लोकसभा 2009 पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. अनुसूचित जातींबाबतच्या राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशानुसार ख्रिस्ती धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीत धरली जात नाही, म्हणून ती इथून लोकसभेला उभीच राहू शकत नाही. मोहोळ विधानसभेतही तेच. हा भेद दुखतो, पण मत देताना ‘आपल्यातला’ शोधण्याचा मोह त्याने इथे मुळातच उरत नाही. हिंदू, बौद्ध, शीख, जो न्यायाने वागतो आणि दयेची आवड धरतो, तो मीखा 6:8 च्या जवळचा.

मंडळ्यांनी ही सेवा वापरावी, पण हद्द सांभाळून. अर्ज मागे घेण्याचा दिवस आणि मतदान यांत कायद्याने किमान 14 दिवस मिळतात, म्हणजे दोन रविवार सहज हाताशी असतात. उपासनेनंतर महिला मंडळाने किंवा तरुण संघाने सगळ्या उमेदवारांची शपथपत्रे, एकही न वगळता, कशी वाचायची हे दाखवावे. प्रचारासाठी चर्च वापरणे आचारसंहितेत बसत नाही, आणि व्यासपीठावरून उमेदवाराचे नाव घेऊ नये. ‘अमक्याला मत दिले नाही तर देवाचा कोप होईल’ असे सांगणे हा न्याय संहितेच्या कलम 171 खाली गुन्हा आहे, शिक्षा एक वर्षापर्यंत. देवाचे नाव असे वापरणे विश्वासाच्या दृष्टीनेही पापच. पाळकसाहेबांनी यिर्मया 29:7 वरून शहराच्या कल्याणासाठी प्रार्थना जरूर घ्यावी. मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीत पाकीट आले तर लाच घेऊ नये असे सांगणारे निर्गम 23:8 आठवावे, पाकीट परत करावे आणि सी-व्हिजिल या आयोगाच्या तक्रारीच्या ॲपवर फोटो किंवा व्हिडिओ टाकावा. तक्रारदाराला नाव न सांगता तक्रार करता येते आणि 100 मिनिटांत कार्यवाही व्हावी अशी त्याची रचना आहे.

लोकसभा-विधानसभेसाठी या सेवेला पाचपैकी चार गुण. महापालिकेच्या निवडणुकीत तिचा उपयोग नाही, कारण ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो आणि ती शपथपत्रे त्याच्या वेगळ्या संकेतस्थळावर शोधावी लागतात. तिथे प्रभागात एकापेक्षा जास्त जागा असतात आणि प्रत्येक जागेसाठी वेगळे मत द्यायचे असते, तेव्हा अ जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत प्रत्येक उमेदवाराचा कागद वेगळा वाचावा.