अर्धी फ्लाइट सेव्ह करून झोपता येतं का? पैसे देऊन घेतलेलं ७३७ आणि टोलिसचं ए३२१, बरेच महिने वापरून झाल्यावर

घरच्या पीसीवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये (म्हणजे सिममध्ये) मी दोन विमानं ॲडऑन म्हणून वेगळे पैसे देऊन घेतलीत, एक बोइंग ७३७ आणि एक टोलिस कंपनीचं एअरबस ए३२१. कॉकपिट कसं दिसतं, इंजिनाचा आवाज कसा, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) किती मिळतात हे सगळं यूट्यूबवर ढिगाने पडलंय, ते मी परत लिहीत बसत नाही. मला एकाच गोष्टीवर बोलायचंय. मुंबई–जेद्दा पाचेक तासांचा सेक्टर आहे, रात्री नऊला पुशबॅक केलं तर उतरेपर्यंत दोन वाजतात आणि सकाळी सातला कंपनीची बस दारात. म्हणजे मध्येच सेव्ह करून उद्या तिथूनच पुढे नेता आलं पाहिजे, नाहीतर असल्या ॲडऑनचा नोकरदार माणसाला उपयोग काय?

तर ते ७३७. नाव मुद्दाम टाकत नाही, सपोर्टवाल्यांशी माझं अजून चालू आहे. गेल्या महिन्यात ओमानचा किनारा लागला, फ्लाइट लेव्हल ३६० (म्हणजे ३६ हजार फूट), ऑटोपायलट लावलेला, सगळं कसं निवांत, सेव्ह केलं आणि पीसी बंद करून झोपलो. दुसऱ्या दिवशी जेवण उरकून लोड करतो तर कॉकपिटचे पडदे काळे, एफएमसीत (विमानाच्या नॅव्हिगेशन कॉम्प्युटरमध्ये) रूट नाही, आयआरएस (जागा-दिशा सांगणारी यंत्रणा) अलाइन नाही, फ्युएल पंप बंद, ऑटोपायलट गेलेला, आणि मी स्टिकला हात लावायच्या आत नाक वर, वेग खाली आणि खडखडखड स्टिक शेकर (वेग फार पडल्याचा इशारा) सुरू. बायको आतून विचारते काय पडलं. म्हटलं विमान.

हे का होतं ते समजून घ्या म्हणजे उगाच सिम रीइन्स्टॉल करत बसणार नाही. सिमची सेव्ह फाइल सिमला जेवढं कळतं तेवढंच लिहिते: जागा, उंची, वेग, दिशा, टाक्यांमधलं इंधन, फ्लॅप, गियर. एफएसएक्स ह्या जुन्या सिमच्या काळात ती एफएलटी फाइल नोटपॅडमध्ये उघडायची, अक्षांश-रेखांश साधे वाचता यायचे. पण महागड्या ॲडऑनची हायड्रॉलिक्स, इलेक्ट्रिकल, एफएमसी हे सगळं त्याच्या स्वतःच्या कोडमध्ये चालतं, सिमला त्याचा पत्ताच नसतो. ॲडऑनवाल्याने स्वतःची वेगळी फाइल लिहिली तरच ते वाचतं. पीएमडीजी कंपनीचं ७३७ एनजीएक्स हे ॲडऑन २०११ मध्ये आलं, ते सिमच्या सेव्हबरोबर आपली पॅनल स्टेट (कॉकपिटमधल्या सिस्टिमची स्थिती) फाइल आपणच टाकायचं, म्हणजे हे काही आजचं रॉकेट सायन्स नाही. आणि सिस्टिम जितक्या खऱ्या, तितका घोळ मोठा. खऱ्या ७३७ मध्ये हवेत असताना आयआरएस पूर्ण अलाइन होत नाही, एटीटी (ॲटिट्यूड) मोडमध्ये आडवंउभं कळतं पण आपण कुठे आहोत ते नाही. सेंटर टँकमधलं इंधन पंपाशिवाय इंजिनाला मिळत नाही. साध्या फुकटच्या विमानाला ह्यातलं काही माहीतच नसतं म्हणून ते बिचारं लोड होऊन सरळ उडत राहतं!

सपोर्टला तिकीट टाकलं. तीन दिवसांनी उत्तर, मिड-फ्लाइट सेव्ह आम्ही सपोर्ट करत नाही, त्याऐवजी पॉज करून ठेवा. अहो, पॉज केलं तरी ग्राफिक कार्ड फ्रेम काढतच राहतं, माझा पीसी तेव्हाही तीनशे-साडेतीनशे वॉट खातो, रात्रभराचे तीन युनिट झाले, वर मध्येच लाइट गेली की यूपीएस दहा मिनिटं टिकणार आणि सगळं मुसळ केरात. डॉलरमध्ये पैसे घेतले, बँकेने त्यावर फॉरेक्स मार्कअप लावला, आणि विजेचं बिलही मीच भरायचं.

आता टोलिस. एक्स-प्लेन हे दुसरं सिम मी फक्त जुनी सवय म्हणून ठेवलं होतं, सेलमध्ये ए३२१ घेतलं. त्यात आयएससीएस नावाचा मेन्यू आहे, त्यात सिच्युएशन सेव्ह आणि लोड, वर ऑटोसेव्ह. तीच मुंबई–जेद्दा, अरबी समुद्रावर सेव्ह केलं, दुसऱ्या दिवशी लोड केलं, आणि एमसीडीयूत (एअरबसमध्ये एफएमसीच्या जागी असतं ते) रूट जसाच्या तसा, पुढचा वेपॉइंट तोच, इंधन तेच, ऑटोपायलट लागलेला. मी दोन मिनिटं नुसता बघत बसलो, आता काहीतरी पडेल म्हणून. काही पडलं नाही. लाइव्ह वेदर लावलं असेल तर वारा मात्र आजचा येतो, त्यामुळे इंधनाचा अंदाज थोडा हलतो, तेवढं धरून चालायचं. आणि एआयआरएसी (नॅव्हिगेशन डेटाची आवृत्ती) दर २८ दिवसांनी बदलतं, अर्धी फ्लाइट बाकी असताना नॅव्हडेटा अपडेट करू नका, ॲडऑनही नको. आधी विमान उतरवा.

अपडेट: वरचं लिहून ठेवलं होतं आणि मध्येच ७३७ चं नवीन व्हर्जन आलं, म्हणून पोस्ट करायचं थांबलो. खरं सांगायचं तर बरंच सुधारलंय. सिमचं सेव्ह पॉजमध्ये लोड करायचं, मग टॅबलेटवरून पॅनल स्टेट लोड करायची, की रूट येतो, आयआरएस नॅव (नॅव्हिगेशन) मोडमध्येच राहतात, पंप चालू. शिव्या थोड्या मागे घेतो.

पण ट्रिम! स्टॅबिलायझर ट्रिम (नाक किती वर-खाली राहील ते ठरवणारी शेपटीची सेटिंग) अजूनही सेव्ह होत नाही. टेकऑफचं जे डिफॉल्ट असेल तिथे ट्रिमचं चाक जाऊन बसतं, पॉज काढला की नाक वर, आणि ऑटोपायलट लावायला जावं तोवर शे-दोनशे फूट गेलेले. एक आकडा, राव. एवढ्या शेकडो गोष्टी फाइलमध्ये लिहिता, हा एक आकडा लिहायला काय जातं? मी आता सेव्ह करायच्या आधी ट्रिम, वेग, एन१ (इंजिनाच्या फिरण्याचा वेग) आणि इंधन कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवतो, पॉजमध्येच ट्रिमचं बटण दाबून बघितलं तर चाक हलत नाही, म्हणून पॉज काढायचा, एका हाताने स्टिक पुढे दाबून धरायची, दुसऱ्या हाताने ट्रिम कागदावरच्या आकड्यापर्यंत आणायचा, मग सीएमडी ए (ऑटोपायलटचं बटण). जमतं. पण हे सहवैमानिकाचं काम आहे आणि माझा सहवैमानिक पाचवीत आहे, त्याला साडेनऊला झोपवावं लागतं.

वळणात किंवा चढताना सेव्ह करू नका, सरळ क्रूझमध्येच करा, हे दोन्ही विमानांना लागू.

सध्या लांबचं सगळं एअरबसवर, आणि ७३७ फक्त पुणे–दिल्ली, मुंबई–कोची असल्या एका बैठकीच्या सेक्टरला. ट्रिमचं तिकीट परत उघडलंय, ह्यावेळी व्हिडिओ जोडून. ७३७ घ्यायचं मनात असेल तर पूर्ण किमतीला घेऊ नका, सेलला थांबा.